आई-बाबांसह स्वित्झर्लंड : एंगेलबर्ग, युंगफ्राऊयोख आणि गोथार्ड

ज्येष्ठ माणसांना घेऊन युरोपला जायचे, तर मार्गदर्शकासह बसची सहल घ्यावी की आपली आपण रेल्वेची तिकिटे काढून हिंडावे, यावर आमच्या घरात दिवाळीपासून बोलणे चालले होते. बाबा कळव्याच्या कारशेडमधून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांचा कौल उघडच रेल्वेच्या बाजूने होता. आईच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे; दर दोन दिवसांनी बॅगा ओढत फलाट बदलणे तिला झेपणारे नव्हते, आणि तिचे सामान आम्ही उचलले असते तरी त्याचा तिलाच संकोच झाला असता. शेवटी बसची सहल ठरली. ती ठरवताना कार्यक्रमपत्रिकेत युंगफ्राऊयोख ही आल्प्समधली खिंड आहे ना, एवढे मात्र बाबांनी नीट वाचून घेतले, कारण डोंगराच्या पोटातून जवळजवळ साडेतीन हजार मीटर उंचीपर्यंत चढणारी ती गाडी त्यांना पाहायची होती.

मे महिन्याच्या अखेरीस, मुलाची शाळा सुरू होण्यापूर्वी, आई, बाबा, मी, माझे यजमान आणि पाचवीत जाणारा मुलगा असे आम्ही पाच जण निघालो. पुढे लिहिले आहे ते सहलीतल्या स्वित्झर्लंडच्या मुक्कामाविषयी आहे. आई-वडिलांना घेऊन अशाच सहलीला जाऊ पाहणाऱ्या कुटुंबांना त्यातले काही उपयोगी पडावे, हा ते लिहिण्यामागचा हेतू आहे.

रविवार : झुरिक, राईनचा धबधबा, एंगेलबर्ग

मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटलेले विमान सकाळी झुरिकला उतरले आणि घड्याळे साडेतीन तास मागे गेली. गटात चाळीसच्या आसपास माणसे होती. बरीचशी ठाणे आणि डोंबिवलीची, काही वाशी-नेरूळची, आणि पनवेलच्या दोन भावांची एकत्र निघालेली कुटुंबे. टूर मॅनेजर गिरगावचा, पस्तिशीतला आणि अतिशय शांत स्वभावाचा होता. बसचा चालक चेक प्रजासत्ताकातला होता. त्याला सगळे ‘कॅप्टन’ म्हणत, आणि पुढचे सगळे दिवस त्याला याच नावाने हाक मारली गेली.

बस महामार्गाला लागल्यावर टूर मॅनेजरने माईक हातात घेतला आणि आरंभी केवळ नियम सांगितले. सीटबेल्ट सर्वांनी लावायचा, कारण तो कायद्याने बंधनकारक आहे. धावत्या बसमध्ये उभे राहायचे नाही. जागा रोज बदलत जायच्या, म्हणजे पुढची मोठी काच प्रत्येकाच्या वाट्याला येईल. उतरताना परतीची वेळ आणि बसचे ठिकाण या दोन्ही गोष्टी ऐकून घ्यायच्या. त्यानंतर त्याने जे सांगितले, ते माझ्या मते ठाण्यात झालेल्या सहलपूर्व बैठकीतच सविस्तर सांगायला हवे होते. युरोपात बसचालकाने एकूण साडेचार तास गाडी चालवली की त्याला पंचेचाळीस मिनिटे थांबावेच लागते. दिवसाला नऊ तास, आणि आठवड्यातून फक्त दोनदा दहा तास, एवढेच त्याला चालवता येते. कामाच्या दोन दिवसांमध्ये साधारणपणे सलग अकरा तासांची विश्रांती लागते. हे सारे बसमधल्या टॅकोग्राफ नावाच्या यंत्रात चालकाच्या स्वतःच्या कार्डावर नोंदले जाते आणि पोलीस ते केव्हाही तपासू शकतात. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसले, तरी तिथले नियम याच धर्तीचे आहेत. सहलीतल्या वेळा टूर मॅनेजरच्या मर्जीने ठरतात असे समजून पुढे ज्या कुरबुरी होतात, त्यांतल्या निम्म्या एवढ्या माहितीने टळतील, असे मला वाटते. बाबांना ते लगेच पटले. “मोटरमनच्या ड्यूटीचे तास ठरलेले असतात, तसंच हे. चाळीस माणसं मागे बसलेली असताना असंच पाहिजे,” असे ते आईला म्हणाले.

राईनचा धबधबा शाफहाउजेनजवळ नॉयहाउजेन इथे आहे. त्याची उंची २३ मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या पावसाळी धबधब्यांच्या मानाने काहीच नाही. पण पात्र १५० मीटर रुंद आहे आणि उन्हाळ्यात सेकंदाला सुमारे ६०० घनमीटर पाणी त्यावरून पडते. आल्प्समधले बर्फ वितळू लागल्यामुळे आम्ही गेलो तेव्हा पाणी भरपूर होते. प्रवाहाच्या मधोमध जो सुळका उभा आहे, तिथपर्यंत बोट जाते आणि तिथून पायऱ्यांनी वर चढता येते. माझे यजमान आणि मुलगा तिकडे गेले. आई-बाबा आणि मी काठावरच्या बाकावर बसलो. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर तेच योग्य होते. तासाभराचा वेळ मिळाला, तो मला अपुरा वाटला. तिथून एंगेलबर्गला पोहोचेपर्यंत निम्मी बस झोपली होती, आणि जेवणानंतर हॉटेलबाहेर आलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजत आले तरी उजेड होता.

सोमवार : युंगफ्राऊयोख

सहलीच्या भाषेत ‘सहा–सात–आठ’ म्हणजे सहाला उठायचे, सातला न्याहारी आणि आठला बस. सोमवारी हा क्रम अर्ध्या तासाने अलीकडे ओढला होता. वर जाणाऱ्या गाडीत गटांच्या जागा ठरावीक वेळेला राखीव असतात, आणि दुपारनंतर शिखरांवर ढग जमण्याची शक्यता वाढते, ही त्याची दोन कारणे. आईची रक्तदाबाची गोळी, बाबांचे कानटोपे, मुलाचे हातमोजे आणि दोन थर्मास गरम पाणी एवढे घेऊन आम्ही सव्वासातलाच खाली आलो. निघण्याआधी ठाण्यात आमच्या डॉक्टरांना दोघांच्या उंचीवर जाण्याविषयी विचारले होते. त्यांनी हरकत घेतली नव्हती, फक्त वर गेल्यावर घाई करू नका आणि पाणी पीत राहा, असे बजावले होते.

एंगेलबर्गच्या खोऱ्यातून उतरून बस सार्नेनच्या तळ्याकाठाने लुंगर्नकडे चढली आणि १००८ मीटर उंचीची ब्रुनिग खिंड ओलांडून ब्रिएन्झच्या तळ्याकडे वळली. या वळणावर बसमधली सगळी बोलणी थांबली. तळ्याचा रंग निळाही नव्हता आणि हिरवाही नव्हता. हिमनद्या खडक घासत पुढे सरकतात तेव्हा त्या खडकाचे पिठासारखे बारीक कण पाण्याबरोबर येतात, ते तळ्यात तरंगत राहतात आणि त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशामुळे हा रंग दिसतो, असे टूर मॅनेजरने सांगितले. ज्या डोंगरावर आम्ही चाललो होतो, त्याच डोंगराची झीज आम्ही खाली तळ्यात पाहत होतो.

ग्रिंडेलवाल्डला बस थांबली तेव्हा समोर आयगरची उत्तरेकडची भिंत उभी होती. शिखराची उंची ३९६७ मीटर आहे, आणि या भिंतीवरून पहिली यशस्वी चढाई १९३८ मध्ये झाली, तीही अनेक गिर्यारोहकांचे बळी गेल्यानंतर. इथून वर जाण्यासाठी डिसेंबर २०२० पासून ‘आयगर एक्स्प्रेस’ हा नवा रज्जुमार्ग आहे. सव्वीस माणसांची केबिन साडेसहा किलोमीटरचे अंतर पंधरा मिनिटांत कापून २३२० मीटर उंचीवरच्या आयगरग्लेचर स्थानकावर सोडते. पूर्वी हे अंतर दातेरी गाडीने, मध्ये गाडी बदलून जावे लागे, आणि तो मार्ग आजही चालू आहे. वेळ हाताशी असणाऱ्याने एका बाजूने तरी त्या गाडीने जावे. आमच्यासाठी मात्र केबिनचा मार्ग सोयीचा ठरला, कारण केबिनमध्ये शिरताना पायरी चढावी लागत नाही आणि आईला काठी टेकत निवांत आत जाता आले.

आयगरग्लेचरला उतरल्यावर सगळा गट डाव्या हाताच्या हिमनदीकडे वळला आणि बाबा फलाटाच्या कडेला उभे राहून वर पाहू लागले. “दोन वायर आहेत,” ते म्हणाले. मला त्यात काही विशेष दिसले नव्हते. मग त्यांनी मुलाला जवळ घेऊन समजावले. आपल्या लोकलच्या डोक्यावर एकच तार असते. पूर्वी तिच्यात १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह असे, आता २५,००० व्होल्टचा एसी असतो, आणि रुळांतून तो प्रवाह परत जातो. इथे मात्र थ्री-फेज वीज थेट गाडीपर्यंत आणली आहे. दोन फेज दोन तारांतून येतात आणि तिसऱ्या फेजचे काम रूळच करतात. जगात अशा गाड्या आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत. ही गाडी उतरताना तिच्या मोटारी वीज निर्माण करून तारांमध्ये परत पाठवतात. रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी होती. एमिल स्ट्रब यांनी तयार केलेली ही पद्धत पहिल्यांदा याच मार्गावर वापरली गेली. चढ जास्तीत जास्त चारास एक, म्हणजे चार मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, असा आहे. “बोरघाटात सदतीसास एकला मागून ढकलायला बँकर इंजिन लावतात,” असे बाबा म्हणाले, आणि नेरळ–माथेरानची गाडी विसास एकचा चढ दात्यांशिवाय, केवळ वळणे घेत चढते, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. ती गाडी १९०७ मध्ये पीरभॉय घराण्याच्या पैशातून सुरू झाली. ही त्यानंतर पाच वर्षांनी, दुसऱ्या एका उद्योगपतीच्या हट्टातून पूर्ण झाली.

त्या उद्योगपतीचे नाव आडोल्फ गुयर-झेलर. २७ ऑगस्ट १८९३ रोजी ते आपल्या मुलीबरोबर म्यूरेनच्या वरच्या बाजूला शिल्टहॉर्नवर फिरायला गेले होते. समोरच्या उतारावर चढणारी गाडी पाहून, ती गाडी तिथेच न थांबवता आयगर आणि म्योंख यांच्या पोटातून थेट युंगफ्राऊपर्यंत न्यावी, असे त्यांना सुचले आणि त्याच रात्री त्यांनी मार्गाचा आराखडा कागदावर काढला. काम १८९६ मध्ये सुरू झाले. सात वर्षांचा अंदाज होता. सोळा वर्षे लागली. स्वतः गुयर-झेलर १८९९ मध्ये वारले. बोगदा खोदणारे कामगार मुख्यतः इटलीतून आलेले होते आणि सुरुंगांच्या अपघातांत त्यांच्यातले कित्येक दगावले. अखेर १ ऑगस्ट १९१२ रोजी, स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय दिनी, ३४५४ मीटर उंचीवरचे स्थानक सुरू झाले, आणि ते आजही युरोपातले सर्वांत उंच रेल्वेस्थानक आहे. घाटातून रेल्वे नेताना आपल्या बोरघाटातही हजारो मजूर मेले. गाडी चढू लागली की या माणसांचा उल्लेख सहसा कोणी करत नाही. बाबांनी तो केला, म्हणून मीही इथे करते.

आयगरग्लेचरपासून थोड्याच वेळात गाडी बोगद्यात शिरते आणि मग शेवटपर्यंत बोगद्यातच राहते. हा बोगदा सात किलोमीटरांहून थोडा अधिक लांब आहे. कळव्याला आयुष्य गेलेल्या माणसाच्या हिशेबात बोगदा म्हणजे पारसिकचा. तो १९१६ मध्ये सुरू झाला, सुमारे १.३ किलोमीटरचा, आणि फास्ट लोकल तो मिनिटा-दोन मिनिटांत पार करते. इथे गाडी पंचवीसेक मिनिटे चढत राहते. वाटेत ३१६० मीटर उंचीवर आइसमीअर नावाचे स्थानक डोंगराच्या आत आहे. गाडी पाच मिनिटे थांबते, आणि खडकात कोरलेल्या मोठ्या खिडक्यांमधून पलीकडची, भेगाळलेली हिमनदी दिसते. इथे उतरणाऱ्यांनी हळू चालावे. जवळजवळ हजार मीटरवरून तासाभरात आपण तीन हजारांच्या वर आलेलो असतो, आणि खिडकी गाठण्याच्या धांदलीत आमच्या गटातल्या धडधाकट तरुणांनाही धाप लागली. आई गाडीतच बसून राहिली. या थांब्यासाठी दहा मिनिटे असती तर तिलाही खिडकीपर्यंत जाता आले असते.

वर पोहोचल्यावर टूर मॅनेजरने सर्वांना एका जागी बसवले, पाणी प्यायला लावले आणि मगच पुढे नेले. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो; ज्याला डोके जड वाटेल त्याने लगेच सांगावे, लपवू नये, असे त्याने गटातल्या आजी-आजोबांपाशी जाऊन वेगळे सांगितले. बाबांना डोके थोडे हलके वाटत होते. ते वीसएक मिनिटे बाकावर बसले आणि मग त्यांना बरे वाटले.

स्फिंक्स या निरीक्षणकेंद्राची गच्ची ३५७१ मीटरवर आहे आणि तिथे जायला खडकातून वर जाणारी लिफ्ट आहे. दार उघडून बाहेर पाऊल टाकले तेव्हा वारा एवढा होता की आईने माझा दंड घट्ट धरला. दक्षिणेकडे आलेच हिमनदी खाली उतरत गेलेली दिसत होती. ही आल्प्समधली सर्वांत मोठी हिमनदी. वीस किलोमीटरांहून लांब, आणि जिथे वरचे प्रवाह एकत्र येतात त्या जागी तिची जाडी आठशे मीटरांहून अधिक आहे. हा सारा परिसर २००१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ही हिमनदी तीन किलोमीटरांहून अधिक मागे हटली आहे. गच्चीवरून एवढा बर्फ पाहताना हे खरे वाटत नाही, पण ते मोजलेले आहे.

एक गोष्ट मुलाच्या भूगोलाच्या वहीत गेली. या खिंडीच्या दक्षिणेला वितळणारे पाणी ऱ्होन नदीतून भूमध्य समुद्राला मिळते, तर उत्तरेला उतरणारे पाणी ब्रिएन्झच्या तळ्यातून आरे नदीत, तिथून राईनमध्ये आणि शेवटी उत्तर समुद्रात जाते. आदल्या दिवशी जिचा धबधबा पाहिला, त्याच राईनला हे पाणी धबधब्याच्या खालच्या अंगाला येऊन मिळते. आपल्याकडे खंडाळ्याच्या माथ्यावर हेच घडते. पूर्वेकडचे पाणी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे जाते, आणि पश्चिमेकडचे उल्हास नदीतून कल्याणमार्गे आपल्या खाडीकडे येते. हे बाबांनी त्याला तिथेच, वाऱ्यात उभे राहून सांगितले आणि मुलाला ते एकदम समजले.

बर्फाचा महाल आई टाळेल असे मला वाटले होते, कारण तिथली जमीनही बर्फाचीच आहे. ग्रिंडेलवाल्ड आणि वेंगेनच्या वाटाड्यांनी १९३० च्या दशकात हिमनदीच्या आत कोरलेली ही दालने आहेत. येणाऱ्या माणसांच्या शरीराच्या उष्णतेने ती वितळू नयेत म्हणून आतली हवा उणे तीन अंशांवर ठेवावी लागते. भिंतीला कठडा आहे. आई एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने नातवाचा खांदा धरून सबंध महाल चालत गेली, मध्ये थांबली, भिंतीला हातमोजा काढून बोट लावले, आणि बाहेर आल्यावर म्हणाली, “अमरनाथला जायचं राहून गेलं, पण बर्फाला हात लागला.” त्या दिवसातले मला सर्वांत अधिक लक्षात राहिलेले वाक्य हेच आहे.

दुपारचे जेवण वरच, भारतीय उपाहारगृहात होते. वरण, भात, फ्लॉवरची भाजी, रोटी आणि लोणचे; जैन जेवणाची सोय वेगळी. परदेशात येऊन भारतीय जेवण कशाला, असे म्हणणारे बरेच असतात. इतक्या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्याही खालीच उकळते, भूक मंदावते आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या पोटात काहीतरी ओळखीचे जाणे आवश्यक असते. आईने पूर्ण वाटी वरणभात खाल्ला, यातच मला त्या व्यवस्थेचे मोल कळले.

उतरताना एक अडचण झाली. गटातले एक कुटुंब वरच्या दुकानांत अडकले आणि ठरलेल्या वेळेला फलाटावर आले नाही, त्यामुळे राखीव जागांची गाडी गेली आणि पुढच्या गाडीसाठी अर्धा तास थांबावे लागले. ग्रिंडेलवाल्डला पोहोचल्यावर इंटरलाकेनचा थांबा दीड तासाऐवजी पाऊण तासाचा झाला, तेव्हा काहींनी नाराजी बोलून दाखवली. कॅप्टनचे गाडी चालवण्याचे तास त्या दिवशी शिल्लकच होते. प्रश्न त्याच्या विश्रांतीचा होता. त्याचे काम सकाळी साडेसातला सुरू झालेले, म्हणजे अकरा तासांची विश्रांती त्याच चोवीस तासांत बसवायची तर रात्री साडेआठच्या आत बस हॉटेलसमोर उभी राहिली पाहिजे. टूर मॅनेजरने आवाज न चढवता हा हिशेब सर्वांसमोर मांडला, आणि आदल्या दिवशी नियम ऐकलेले असल्यामुळे तो सर्वांना कळलाही.

पाऊण तासात इंटरलाकेनमध्ये जे पाहायचे ते पाहता आले. आईला यश चोप्रा यांचा पुतळा पाहायचा होता, तो कुर्साल या जुन्या वास्तूच्या बागेजवळ आहे. तिने त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेतला. समोर होहेमाटे हे प्रचंड मोकळे कुरण आहे. गावाच्या अगदी मध्यावर, दोन्ही बाजूंना हॉटेले असलेली ही जमीन १८६४ मध्ये स्थानिक मंडळींनी एकत्र येऊन विकत घेतली आणि तिच्यावर काही बांधायचे नाही असे ठरवले. तो निर्णय आजतागायत पाळला गेल्यामुळे तिथून युंगफ्राऊचे शिखर अडथळ्याशिवाय दिसते. ठाण्यात गेल्या तीस वर्षांत मैदाने कशी आक्रसली, घोडबंदर रस्त्यावरून येऊरचे डोंगर कसे दिसेनासे झाले, हे आम्ही पाहिले आहे. त्यामुळे कुरणाच्या कडेला उभे असताना बाबा आणि माझे यजमान बराच वेळ याच विषयावर बोलत होते. बस आठ वाजून दहा मिनिटांनी एंगेलबर्गला पोहोचली.

मंगळवार : टिटलिस आणि लुझर्न

सलग दुसऱ्या दिवशी तीन हजार मीटरवर जाणे आईला नको वाटले, आणि मी तिच्याबरोबर खाली राहिले. बाकीचे तिघे टिटलिसच्या डोंगरावर गेले. १९९२ पासून चालू असलेली, स्वतःभोवती फिरणारी केबिन आणि ३०४१ मीटर उंचीवरचा, शंभर मीटर लांबीचा झुलता पूल यांचे वर्णन मुलाने संध्याकाळभर केले. हिमनदीचा काही भाग वितळू नये म्हणून उन्हाळ्यात पांढऱ्या कापडाने झाकतात, ही बाबांनी सांगितलेली गोष्ट मला अधिक लागली.

आई आणि मी एंगेलबर्गचा मठ पाहिला. बेनेडिक्टाइन पंथाचा हा मठ ११२० मध्ये स्थापन झाला आणि आजही तिथे साधू राहतात. १७२९ च्या आगीनंतर चर्च नव्याने बांधले, त्याचे पांढरे-सोनेरी छत पाहत आई बाकावर अर्धा तास बसली. मठाच्या आवारात चीज बनवण्याची जागा आहे. काचेपलीकडे दूध तापवून घोटणारी माणसे पाहून तिने दह्याच्या विरजणाविषयी विचारले आणि तिथल्या बाईंनी मोडक्या इंग्रजीत तिला उत्तरही दिले. सहलीत असा एक मोकळा अर्धा दिवस ज्येष्ठांसाठी ठेवलेला असावा, निदान ज्यांना वर जायचे नाही त्यांना खाली काय पाहता येईल हे आधी सांगितलेले असावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. आम्हाला मठाची माहिती हॉटेलच्या स्वागतकक्षातून मिळाली.

दुपारी बसने लुझर्न गाठले. चौदाव्या शतकातला लाकडी कापेलब्रुक पूल १८ ऑगस्ट १९९३ च्या आगीत बराचसा जळाला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा उभा राहिला. छताखालची जी जुनी चित्रे जळाली, त्यांच्या जागा काही ठिकाणी तशाच काळ्या ठेवल्या आहेत. खडकात कोरलेला मरणासन्न सिंह १८२१ चा आहे. १० ऑगस्ट १७९२ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच राजाच्या रक्षणात मारल्या गेलेल्या स्विस सैनिकांचे ते स्मारक. गर्दी मोठी होती आणि चॉकलेट व घड्याळांच्या दुकानांना दिलेला वेळ स्मारकाला दिलेल्या वेळेपेक्षा अधिक होता, हे मात्र मला पटले नाही.

बुधवार : गोथार्डमार्गे इटलीकडे

बॅगा सातला खोलीबाहेर, आठला बस. त्या दिवशी जागांच्या फेरबदलात आमची पाळी पहिल्या रांगेची होती, आणि दिवसही तसाच मिळाला. रॉइस नदीच्या खोऱ्यातून वर चढताना वासेन गावाचे पांढरे चर्च दिसते. १८८२ चा जुना गोथार्ड रेल्वेमार्ग उंची गाठण्यासाठी इथे डोंगराच्या आत गोल वळसे घेतो, त्यामुळे गाडीतल्या प्रवाशाला तेच चर्च तीन वेगवेगळ्या उंचींवरून दिसते. बाबा काचेला टेकून रूळ शोधत होते आणि नेमकी एक लहान गाडी वरच्या पुलावरून गेली. आता मुख्य वाहतूक या सगळ्याच्या खालून, ५७ किलोमीटर लांबीच्या आणि २०१६ मध्ये खुल्या झालेल्या नव्या बोगद्यातून जाते. तो जगातला सर्वांत लांब रेल्वेबोगदा आहे.

आमची बस गेली ती रस्त्याच्या बोगद्यातून. त्याची लांबी १६.९ किलोमीटर, १९८० मध्ये तो सुरू झाला, आणि एकाच नळीतून दोन्ही दिशांची वाहने जातात. ऑक्टोबर २००१ मध्ये आत दोन ट्रकांची टक्कर होऊन आग लागली आणि अकरा माणसे गेली. तेव्हापासून अवजड वाहने ठरावीक अंतराने आत सोडतात. दुसऱ्या नळीचे काम सुरू आहे. दर अडीचशे मीटरवर बाजूला सुरक्षित खोलीचे दार आहे, ते मुलगा मोजत होता. कॅप्टनने वेगाचा काटा ऐंशीच्या पुढे एकदाही जाऊ दिला नाही. उत्तरेकडे गोशेनेनला ढग आणि पाऊस होता. दक्षिणेकडे ऐरोलोला बाहेर पडलो तेव्हा लख्ख ऊन होते.

बेलिंझोनाजवळच्या विश्रांतीस्थळावर पंचेचाळीस मिनिटांचा नियमाचा थांबा झाला. स्वच्छतागृहासाठी नाण्यांची गरज लागते, ती आदल्या रात्रीच सुटी करून ठेवलेली असावीत. वयस्कर माणसांना रांगेत उभे करून नाणी शोधायला लागू नये. कॅप्टनने बसची पुढची काच पुसली, मग एकटाच बाकावर बसून डबा उघडला. आईने डब्यातले बेसनाचे दोन लाडू कागदात गुंडाळून मुलाकडून त्याला पाठवले. त्याने उठून उभे राहत तिला मान लववली आणि एक लाडू लगेच खाल्ला.

लुगानोचे तळे बसमधूनच पाहिले. कियासोच्या सीमेवर ज्यांनी तीनशे फ्रँकांहून अधिक रकमेची घड्याळे घेतली होती, त्यांनी कर परताव्याचे कागद सीमाशुल्क कार्यालयात नेऊन शिक्के मारून घेतले. स्वित्झर्लंड युरोपीय संघाबाहेर असल्यामुळे हे काम तो देश सोडतानाच करावे लागते, पुढे इटलीतल्या विमानतळावर करता येत नाही. त्यात वीसएक मिनिटे गेली. टूर मॅनेजरने बसमधून पुढे-मागे फिरत माणसे मोजली, कॅप्टनला अंगठा दाखवला, आणि बस मिलानच्या रस्त्याला लागली.